उसवलेलं जाळं

"बाबल्यालाच धरा! दुसरं कोण असणार?" गंगाराम जेटीवर ओरडत होता.

मासेमारीची बंदी संपली, उद्या पहाटे बोटी सुटणार, आणि गंगारामचं नवंकोरं जाळं शेडमध्ये पंचवीस तुकडे होऊन पडलेलं. बाबल्या त्याचा जुना खलाशी, आठवड्यापूर्वी भांडण करून काढलेला. लोकांनी त्याला आधीच दोन ठेवून दिल्या होत्या. मारायला हात पुष्कळ, विचारायला तोंड एकालाही नाही!

फौजदार निशिगंधा भडकली. "तुम्हीच न्याय करणार, तर मला कशाला बोलावलंत?"

"मी नाय केलं, मॅडम," बाबल्या म्हणाला. त्याच्या कमरेला कोयता होता.

तिने तुकडे उलगडले. जाळं कुठेच फाटलं नव्हतं. फक्त तुकडे जोडणारी शिवण उसवली होती. शिवणीचा दोरा मात्र टीचभरही दिसेना.

"रूपेश, काल शेडमध्ये कोण होतं?"

"मला काय ठाऊक?" गंगारामचा मुलगा फणकारला. "आठ दिवस झाले मुंबईहून येऊन. बाबांनी बोट माझ्या नावावर केली, आणि लगेच हे!"

"जाळं शिवता येतं?"

"मी मालक आहे. शिवायला ताई आहे ना."

ताई, म्हणजे गंगारामची थोरली मुलगी राही, टोपलीतून चहा-भजी घेऊन आली. दहा वर्षं लिलाव आणि जाळी तीच सांभाळत होती.

"बाबल्यानेच केलं ना?" निशिगंधाने तिला विचारलं.

"बाबा म्हणतात तसं." बोलता बोलता तिने भज्यांच्या पुडीचा दोरा सोडला, बोटांवर गुंडाळला आणि कमरेला खोचला.

"बास! बाबल्याला सोडा," निशिगंधा म्हणाली. "चिडलेला खलाशी कोयत्याने सपासप कापेल. इथे जाळ्यावर हात उठलेला नाही, नुसती शिवण उसवली. दोराही नीट गुंडाळून नेला, कारण दोरा टाकायची सवयच नाही. राही, काढ तो दोऱ्याचा गुंडा."

राहीने टोपलीतून गुंडा काढून आपटला. "हो, मीच! दहा वर्षं हात सोलून घेतले मी, आणि मालक कोण, तर हा! मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

"आणि बाबल्या मार खात होता तेव्हा?"

राहीची मान खाली गेली. "चुकलं रे बाबल्या. माझा मार तू खाल्लास."

गंगाराम रागाने पुढे सरसावला. पण समोर बाकीच्या बोटींत बर्फ भरला जात होता. त्याचा आवाज खाली आला. "राही, पहाटेपर्यंत होईल जोडून?"

तिने गुंडा उचलला आणि रूपेशच्या हातात ठेवला.

"मालकाला विचारा."