रस्त्यावरचा पाऊण तास

दादाचा फोन आला तेव्हा मी चष्म्याच्या दुकानात एका आजोबांचे डोळे तपासत होते.

"आईचा श्वास मंदावलाय. डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या. तू नीघ."

भिंगांचा ट्रे उघडाच टाकून मी गाडी काढली. हॉस्पिटल वीस मिनिटांवर. गोदामांच्या लांबलचक भिंतीजवळ फट्‌कन आवाज झाला आणि गाडी डावीकडे ओढू लागली... कशीबशी कडेला घेतली. पुढचं चाक पार बसलं होतं. डिकी उघडली, तेव्हा आठवलं. आईची व्हीलचेअर मावावी म्हणून स्टेपनी मीच काढून घरी ठेवली होती.

पाऊस भुरभुरत होता. एक राखाडी व्हॅन पुढे गेली, थांबली, हळूहळू मागे आली. तिशीतला एक माणूस उतरला. खिशात दोन स्क्रूड्रायव्हर, नखांत काळं ग्रीस.

"स्टेपनी?"

"नाही."

त्याने डिकीतल्या व्हीलचेअरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेली माणसं रोजचीच आहेत. कुठे निघालात?"

मी सांगून टाकलं. सगळंच.

त्याने व्हॅनचं दार उघडलं. "मग चाक मरू दे. व्हॅनमध्ये बसा, मी सोडतो."

"नको. चाकाचं काही होतंय का बघा ना."

त्याने बघितलं. त्याच्या स्टेपनीला पाच भोकं, माझ्या चाकाला चार नट. मग पंक्चरची रबरी वात खुपसली, पंप लावला. हवा शिट्टी मारत बाहेर.

"कडेला चिरलंय. हे धरणार नाही."

"अजून एकदा..."

तो पुन्हा खाली बसला. मी पाना धरून त्याच्या शेजारी. थोड्या वेळाने त्याने डोक्यावरची टोपी काढून माझ्यापुढे धरली.

"तुम्ही भिजताय."

"तुम्हीही भिजताय."

"मी कामावर आहे. मला चालतं."

एवढ्या सगळ्यात मला हसू आलं... आणि त्याच वेळी फोन वाजला. दादा. मी स्क्रीनकडे बघत राहिले. वाजून वाजून फोन बंद झाला. व्हॅनवाल्याने माझ्या हातातला पाना काढून घेतला.

"चला," तो म्हणाला. आता तो विचारत नव्हता.

दादा वॉर्डाबाहेर भिंतीला पाठ टेकून उभा होता. "दहा मिनिटं झाली," म्हणाला. "तुला हाक मारत होती का, ते विचारू नकोस."

मी विचारलं नाही. आजपर्यंत नाही.

संध्याकाळी तो व्हॅनवाला, त्याच्याकडेच राहिलेल्या किल्लीने, माझी गाडी घेऊन हॉस्पिटलच्या आवारात आला. नवा टायर बसवलेला. किल्ली देताना त्याची मान खाली होती.

"मी तुमचं ऐकायलाच नको होतं. सरळ व्हॅनमध्ये बसवायला हवं होतं तुम्हाला. माझ्यामुळे पाऊण तास गेला. माफ करा."

मी किल्ली पर्समध्ये टाकली.

मग त्याचे फोन येऊ लागले. आधी, त्याचा जॅक माझ्या डिकीत राहिला म्हणून. मग, टायरमधली हवा तपासली का म्हणून. एकदा तर, "तुमच्या भागात आज लाइट गेले होते का?" म्हणून. प्रत्येक फोनच्या शेवटी तो जरासा थांबायचा आणि म्हणायचा, "त्या दिवसाबद्दल... माफ करा हं." मी म्हणायचे, "असू दे." आणि पुढच्या फोनची वाट बघायचे. त्याचीच मला लाज वाटायची. घरात आईच्या साड्यांच्या घड्या तशाच होत्या, आणि मी मोबाइल उशाशी घेऊन झोपत होते.

चार महिन्यांनी तो दुकानात आला. डोळे तपासायचेत म्हणाला. आतल्या छोट्या खोलीत दिवा मालवला, त्याच्या नाकावर तपासणीची चौकट ठेवली.

"आता स्पष्ट दिसतंय की मघाशी?"

"मघाशी तुम्ही जास्त जवळ होतात."

"अक्षरांबद्दल विचारतेय."

"अक्षरं दोन्ही वेळा सारखीच आहेत."

त्याचे डोळे ठणठणीत होते, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी चौकट काढायला वाकले, तेव्हा तो हळूच म्हणाला, "त्या दिवशी मी..."

"पुरे." माझा आवाज मलाच परका वाटला. "तुमचा काही दोष नव्हता. टायर फुटला ना, तेव्हा मला... बरं वाटलं होतं. सुटले, असं वाटलं. आईला जाताना बघायचं नव्हतं मला. म्हणून तुमच्या व्हॅनमध्ये बसले नाही. म्हणून दादाचा फोन उचलला नाही. ती तिथे एकेक श्वास ओढत होती, आणि मी तुम्हाला 'अजून एकदा' म्हणत होते."

बोलून झाल्यावर मी स्टुलावर बसले. आता हा उठून जाणार, असं वाटलं. गेला असता तर दोष दिला नसता.

तो उठला नाही. "माहीत आहे," म्हणाला.

"काय?"

"तुम्ही एकदाही घड्याळ बघितलं नाही. घाई असलेला माणूस घड्याळ बघतो. मला ते कळलं, तरी मी परत पंप लावला. तेवढा वेळ तुम्हाला हवा होता."

मी रडले. आई गेल्यापासून पहिल्यांदा, आवाज करून. तो जागचा हलला नाही. फक्त हात पुढे करून टेबलावरचा भिंगांचा ट्रे बाजूला सरकवला, माझ्या कोपराला लागू नये म्हणून.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "मग चार महिने माफी कसली मागत होतात?"

त्याने नखांतल्या ग्रीसकडे पाहिलं. "माफी मागायला का होईना... फोन करता येत होता."

"आता माफीशिवाय फोन कर," मी म्हणाले.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते मला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं.