एक्केचाळिसाव्या नंबरचा पूल

माझ्या पायाशी ब्रेक नसता, तर ही गोष्ट सुरू होण्याआधीच संपली असती.

मी गाडी चालवायला शिकवते. आमच्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक माझ्या. त्या सकाळी स्टीअरिंगवर निवृत्त नर्सबाई होत्या. आमच्या वस्तीतून बाहेर पडायला जवळचा असा नाल्यावरचा एकच पूल. त्यावर गाडी चढली आणि बरोब्बर मधोमध एक माणूस उकिडवा बसलेला दिसला, हातात मोजायची टेप घेऊन. आयुष्यभर लोकांना सुया टोचताना न डगमगलेल्या नर्सबाईंनी सरळ डोळे मिटून घेतले. मी ब्रेक दाबला. गाडी त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

मी खाली उतरले ती तोंड सोडूनच. हा रस्ता आहे, तुमचं अंगण नाही, मरायचं असेल तर दुसऱ्या कुणाची गाडी बघा... बरंच काही. तो ऐकत राहिला आणि सावकाश टेप गुंडाळत उठला.

"गाडी शिकवता की माणसं उडवता?"

"पुलाच्या मधे बसून काय चाललंय तुमचं?"

"पुलाला मार्क देतोय."

"मग? किती दिलेत?"

"मोजत होतो. तुम्ही आलात आणि आकडा विसरलो," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती. मला त्याचा भयंकर राग आला.

राग मला तसा पटकन येतो. वस्तीत मला मिरची म्हणतात, फक्त माझ्या तोंडावर नाही. पण मार्क म्हटल्यावर मी जरा नरमले, कारण त्या मार्कांसाठी मी स्वतः सहा महिने दारोदार फिरले होते. शहरातलं मोडकंतोडकं दुरुस्त करायला महापालिका रोखे काढणार होती. म्हणजे लोकांकडून कर्ज घ्यायचं, त्यातून पूल, रस्ते, नळ नीट करायचे आणि पुढची वीस वर्षं सगळ्यांनी करातून ते फेडायचं. त्यासाठी मतदान झालं. आमच्या वस्तीतल्या एकेका घरात जाऊन मी सांगितलं होतं, हो म्हणा, आपला पूल होईल. लोक हो म्हणाले. आता इंजिनिअर प्रत्येक पुलाला मार्क देणार, त्यावरून यादी लागणार आणि यादीतली पहिली तीस कामं होणार. जितका पूल वाईट, तितका नंबर वर.

त्यानं कठड्यावरून हात फिरवला. "हा गिलावा कुणी केलाय? इतका सफाईचा हात हल्ली बघायला मिळत नाही."

"माझ्या बाबांनी," मी म्हणाले. छाती फुगवूनच म्हणाले.

बाबा चाळीस वर्षं गवंडीकाम करत होते. आता त्यांचा हात थरथरतो, पण थापी हातात आली की थांबतो. पाहणीला साहेब येणार असं पत्र आलं, तेव्हा त्यांनी दोन रविवार खपून पुलाला खालून-वरून गिलावा केला. मी माल कालवून दिला. पाहुणे येणार म्हटलं की आपण चादर बदलतो, त्यातलंच ते.

चार दिवसांनी तोच माणूस माझ्या ऑफिसात हजर. गाडी शिकायची होती. आत्तापर्यंत ऑफिसच्या जीपमागं लटकत फिरलो, म्हणाला, आता स्वतः फिरायचंय. शहरात सात ड्रायव्हिंग स्कूल आहेत. इथंच का, असं मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

शिकायला तो ढ होता. मोडक्या पुलांखाली शिरताना न घाबरणारा माणूस क्लच सोडताना श्वास रोखून धरायचा. मी ओरडायचे, तो "बरं बाई" म्हणायचा आणि पुन्हा तीच चूक करायचा. तिसऱ्या आठवड्यात मला संशय यायला लागला की तो चुका मुद्दाम करतोय.

"आरशात बघा," मी एकदा खेकसले.

"बघतोय."

"मागची गाडी दिसायला असतो तो आरसा. माझं तोंड बघायला नाही."

"मागं गाडीच नाहीये..." तो म्हणाला. "मग जे आहे ते बघतोय."

मी ब्रेक दाबला. रस्ता मोकळा होता, काही कारण नव्हतं. गाडी थांबली, इंजिन बंद पडलं आणि काचेवरची पावसाची भुरभुर ऐकू यायला लागली. मग मी म्हणाले, पुढं चला, तासाचे पैसे घेते मी. पण आवाज नेहमीसारखा निघाला नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर मी भाताचं पातेलं करपवलं आणि बाबांनी काही न बोलता तसंच खाल्लं.

आणि मग यादी लागली.

आमचा पूल एक्केचाळिसावा होता. 'स्थिती – उत्तम', आणि शेजारी त्याची सही. म्हणजे पुढची यादी लागेपर्यंत, निदान सात वर्षं, आमच्याकडं कुणी ढुंकूनही बघणार नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळी वस्ती माझ्या दारात. तू सांगितलंस म्हणून मत दिलं, कर आम्ही भरायचा आणि पूल दुसऱ्यांचे व्हायचे, असं प्रत्येकानं आपापल्या शब्दांत सुनावलं. खोटं काय होतं त्यात? मी मान खाली घालून ऐकलं. मला मान खाली घालायची सवय नाही, म्हणून ती फार दुखली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शिकवणीला आला. मी त्याला स्टीअरिंगवर बसूच दिलं नाही. गाडी मीच चालवली, पुलाच्या अलीकडं थांबवली आणि विचारलं, उत्तम म्हणजे काय?

तो गोंधळला. एकही भेग दिसली नाही, म्हणाला.

"भेग दिसली नाही? दरवर्षी बाबा त्या भेगा बुजवतात. मोठा ट्रक गेला की खालून सिमेंटचे पोपडे पडतात. पुलाखाली बघितलंत?"

"बघितलं. नवा गिलावा होता..." तो थांबला. त्याचा चेहरा उतरला. "त्यांनी भेगांवर गिलावा केला?"

"मग? तुमची वाट बघत बसायचं होतं?"

"अहो, ती दुरुस्ती नाही. आतल्या सळ्या गंजल्या असतील तर वरून गिलावा म्हणजे तापल्या अंगाला पावडर." पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "त्र्याण्णव पूल आणि पाच दिवस दिले होते आम्हाला. हातोडीनं ठोकून बघायला त्या फॉर्मवर रकानासुद्धा नाही. आणि तुम्ही लोकांनी मला फसवायला पूल सजवून ठेवलात."

"फसवायला?" मी म्हणाले. "माझे बाबा ओणवे होऊन, हात थरथरत असताना दोन रविवार खपले, ते तुम्हाला फसवायला? तुम्ही पगार घेऊन बघितलं नाहीत. ते फुकट राबले. फसवणारं कोण?"

माझा राग त्याच्यावर होता, त्या फॉर्मवर होता, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर होता. तो माल मीच कालवला होता.

शेवटी तो म्हणाला की हरकत घ्यायला आठ दिवस आहेत. माझे मार्क चुकले असं मी लिहून देईन, पण नुसत्या शब्दावर कुणी नंबर बदलणार नाही. गिलावा फोडून आतलं दाखवावं लागेल. "आणि तुमच्या बाबांनी हो म्हटल्याशिवाय मी त्याला हात लावणार नाही."

मी बाबांना सांगितलं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. ते त्यांचं शेवटचं काम होतं. त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. चाळीस वर्षांत माझं काम कुणी पाडलं नाही, एवढंच म्हणाले आणि आत जाऊन पडले. दोन दिवस आमच्या घरात भांड्यांशिवाय कशाचाच आवाज नव्हता. मी चिडले, मग रडले, मग रडले म्हणून चिडले.

तिसऱ्या दिवशी शिकवणीहून परत येताना पुलाखालून ठकठक ऐकू आली. खाली वाकून बघितलं. नाल्याच्या घोटाभर पाण्यात दोघं उभे होते. बाबांच्या हातात छिन्नी-हातोडी आणि तो शेजारी दुसरी हातोडी घेऊन. तो आदल्या संध्याकाळी, मी नसताना, घरी येऊन गेला होता. काय बोलला ते मला दोघांनीही कधी सांगितलं नाही.

"इथं ठोक," बाबा त्याला सांगत होते. "ऐक. पोकळ वाजतंय की नाही? कागदावर पूल बघतोस काय रे, कानानं बघायचा असतो."

"हो बाबा."

हो बाबा म्हणाला तो. मी कठडा घट्ट धरला.

गिलाव्याचा मोठा पापुद्रा पाण्यात पडला. आतल्या सळ्या फुगून लाल झाल्या होत्या, बोटानं भुगा निघत होता. बाबा माझ्याकडं मान वर करून म्हणाले, "लोक घाबरू नयेत म्हणून बुजवत होतो गं. घाबरायला हवं होतं त्यांनी." आणि पुढचा घाव त्यांनी इतक्या रागानं घातला की त्यानं पटकन बाबांचा दंड धरला. सगळा गिलावा त्यांनी स्वतःच पाडला. दुसऱ्या कुणाला पाडू दिला नाही.

जनसुनावणीला हॉल गच्च भरला होता. व्यासपीठावरचे मोठे साहेब म्हणाले की यादी शास्त्रीय पद्धतीनं झाली आहे. तेव्हा तो उठला. फोटो पुढं ठेवले आणि सरळ सांगितलं की या पुलाचे मार्क मी दिले, ते चुकीचे आहेत, आणि याच पद्धतीनं बाकीच्या ब्याण्णव पुलांनाही दिलेत. हॉलमध्ये कुजबुज झाली. मोठ्या साहेबांनी त्याला बसायला सांगितलं. मग मी उठले. मला कुणी बसायला सांगितलं नाही, तेवढी त्यांना अक्कल होती. आम्ही कर्ज फेडायला हो म्हटलं ते पूल व्हावा म्हणून, तुमच्या रकान्यांचे लाड करायला नाही, असं मी म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले. नर्सबाईंनी मागून पदर ओढला तेव्हा थांबले.

आमचा पूल सहाव्या नंबरवर आला. आणि धोकादायक ठरल्यामुळं त्याच संध्याकाळी बंद झाला. मिरची पूल आणायला गेली आणि होता तो घालवून आली, असं वस्तीत दोन दिवस चाललं होतं. बाहेर पडायला साडेतीन किलोमीटरचा वळसा पडायला लागला.

तिसऱ्या दिवशी महापालिकेचा कारकून आमच्या बाजूला फलक लावायला आला. त्याच्याकडून कळलं की इंजिनिअर साहेबांना रोख्यांच्या कामावरून काढलंय. नोटीस दिलीय, आणि सोमवारपासून शहराच्या पार टोकाच्या पंपिंग स्टेशनवर. हे सुनावणीच्या आधीच त्याला सांगितलं होतं म्हणे. तोंड उघडशील तर तिकडं जाशील.

आणि त्यानं मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

माझं डोकं फिरलं. तरातरा पुलापाशी गेले. तो पलीकडच्या काठावर अडथळे नीट लागलेत का ते बघत उभा होता. दोन अडथळे, मधे चाळीस फूट रिकामा पूल आणि खाली नाला. हळू बोलणं शक्यच नव्हतं.

"कामावरून काढणार होते, ते सांगायला तोंड नव्हतं का तुम्हाला?"

त्यानं वर बघितलं. "तुम्ही मला बोलूच दिलं नसतंत सुनावणीत."

"नसतंच दिलं."

"म्हणून नाही सांगितलं."

वस्तीतल्या खिडक्या एकेक करून उघडल्या. बाबा दारात येऊन उभे राहिले. मला सगळं दिसत होतं, पण आता थांबणं माझ्या हातात नव्हतं.

"मला तुमचा राग येतो," मी ओरडले. "साहेबांचा येतो, त्या फॉर्मचा येतो, पण तो रात्री झोपल्यावर जातो. तुमचा जात नाही. सकाळी उठले की असतोच..."

तो दोन्ही हात अडथळ्यावर ठेवून उभा होता. हसत नव्हता. "मग असू दे ना," तो म्हणाला. ओरडून म्हणावं लागलं त्याला, त्यामुळं त्याचे कान लाल झाले. "जाऊ देऊ नका. मला हवाय तो... कायमचा."

खिडकीतून कुणीतरी हसलं. मी तिकडं नुसतं बघितलं, खिडकी बंद झाली.

"पूल व्हायला दोन वर्षं लागतील," तो म्हणाला. "मी रोज वळसा घालून येईन."

"नको. मला वाट बघता येत नाही. तिथंच थांबा."

बाबांनी आतून गाडीची किल्ली आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाले की त्याला जेवायलाच घेऊन ये. मी गाडी काढली. त्या साडेतीन किलोमीटरमध्ये सात खड्डे लागले, आणि त्यातला एकही कुठल्याच यादीत नव्हता. तो जिथं सांगितलं होतं तिथंच उभा होता. आधी मी त्याला त्या खड्ड्यांबद्दल ऐकवलं. मग बाकीचं सांगितलं, आणि ते हळू आवाजात.