निळा गाळ

हसणं आटपा रे आधी. ज्याला खोटं वाटतं त्यानं उठून घरी जावं, मी अडवत न्हाई. कुरुंद्याचा जळबा मह्या चांगल्या वळखीचा, त्याच्यावर बेतलेलं हाय हे.

बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढल्या साली, कोजागिरीच्या दुसऱ्या रात्री, जळबा बैल हुडकायला निघाला. संगं मेहुणा संतराम. दुष्काळात जोडीतला एक बैल मेला, उरला माणक्या, अन् तोच चरायला जाऊन परतला न्हवता. शेजाऱ्याचाबी एकच. दोघांचे बैल एका औताला जुंपायचे अशी सावड, अन् सकाळी ज्वारीची पेरणी. माणक्या गेला की रान पडीकच, समजा.

सागाच्या रानात दोन टेकड्यांच्या मधी एक लवण हाय. पाणी चहूकडून येतं, जायला वाट न्हाई. वर उन्हानं वाळलेला पापुद्रा, खाली निळा गाळ. माणक्या त्यात पोटापर्यंत रुतलेला.

असल्या चिबडात उभ्यानं जात न्हाईत. पळसाच्या फांद्या अंथरायच्या, त्यावर पालथं सरकायचं. काठावरचा माणूस फांद्या पुरवतो अन् हरेक फांदीला "घे" म्हणतो. म्हणल्याबिगर द्यायची न्हाई, ही रीतच.

"घ्या दाजी."

"आण."

"घ्या."

असं करत जळबा बैलापाशी पोचला. संतराम वरडला, "दाजी, दोर पुरंना! वाडीवरून दुसरा आणतो, माणसं आणतो. हलू नका!"

"लवकर ये बाबा!"

तो गेला. जळबा हातानं बैलाच्या पायाभोवतीचा गाळ उपसून राहिला. माणक्या नुसता फुसफुसत होता. हळूहळू जळबाच्या खालच्या फांद्या दबल्या. गाळ छातीला लागला.

तेवढ्यात डाव्या अंगानं फांदी आली. त्यानं घेतली, छातीखाली सारली. दुसरी आली. तिसरी.

"आलास व्हय संतराम?"

...

"बोलत काहून न्हाईस रे लेका?"

...

अन् समोर टेकडीवर कंदील हलला.

"दाजीऽ! आलो होऽ!"

जळबा कंदिलाकडं बघत राहिला. संतराम तर तिकडं... मग इकडं कोण?

खांद्याला फांदी टेकली. ओली. गार.

घ्यावी तर... न्हाई घ्यावी तर गाळ गळ्याशी आलेला. मागं माणक्या हंबरला.

जळबानं डोळे मिटले. हात लांबवला. घेतली.

वाडीच्या माणसांनी दोर टाकला, दोघांना वढून काढलं. माणक्या जगला, पेरणी झाली. जळबा चार दिवस तापानं फणफणला, पण कुणाला बोलला न्हाई.

ताप उतरल्यावर संतरामला घेऊन लवणावर गेला. संतरामनं तोडलेल्या फांद्या सुकून पिवळ्या पडल्या होत्या. बाकीच्या कोळशावानी काळ्या, वर्षानुवर्षं गाळात राहिल्यासारख्या.

डाव्या अंगाला लवण पार पल्याडपर्यंत मोकळं. तिकडचा पापुद्रा सगळा साबूत होता. माणसाचं सोडा, बगळ्याचं पाऊल सुदिक त्यावर उमटलेलं न्हवतं.