शार्पीच्या झोतातली पाखरं

कळंबा तलावाकाठच्या लॉनवर फरहान सकाळी केबल गुंडाळत होता, तेवढ्यात त्याच्या नाकासमोर बुटांचा एक खोका आला... आणि खोक्यामागं दोन रागावलेले डोळे.

"काल रात्री आभाळात लाईट मारलेली तुम्हीच का?"

"व्हय. टेस्टिंग होतं," फरहान खुशीत म्हणाला. "लांबनं दिसली न्हवं?"

आभाळात लांबवर सरळ झोत फेकणाऱ्या शार्पी लाईटच्या धंद्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं.

तिनं झाकण उघडलं. आत नवरंग पक्षी – हिरवी पाठ, लाल पोट, एक पंख लोंबलेला.

"मी रुबीना. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. हे पाखरू रात्रीचा प्रवास करतंय, चांदण्यांच्या अंदाजानं. तुमच्या झोतात शिरलं की वाट चुकतंय. घिरट्या घालून दमतंय नि पडतंय. ह्याला डॉक्टरकडं नेतेय. ह्याच्याबरोबरची दोन मेली."

फरहानचा चेहरा उतरला. झोतात फिरणारी पाखरं त्यानं रात्री बघितली होती. लाईटला काय शोभा आली म्हणून व्हिडिओ काढून स्टेटसलाही ठेवला होता.

"आज साखरपुडा हाय. नवरीच्या वडलांना, सयाजीरावांना, आठ शार्प्या आभाळात पायजेत."

"मग उद्या आठ खोकी आणते," म्हणत ती चालू लागली. तिचा राग त्याला भलताच आवडला. आपण तिला आवडलो नाही, हे मात्र जिव्हारी लागलं.

संध्याकाळी ती कुंपणापाशी येऊन उभी राहिली. आठही शार्प्या स्टेजकडं वळलेल्या होत्या. सयाजीराव तरातरा आले.

"वर मार की लाईट! गावाला कळाय नको व्हय?"

"वर न्हाय, मामा. पाखरं मरत्यात."

"पुढच्या कार्याला दुसरा बघीन."

"बघा की. पण आत्ता लेकीकडं बघा."

सयाजीरावांनी बघितलं. सगळा उजेड लेकीमागच्या फुलांवर उतरला होता आणि ती हसत होती. मग ते पाहुण्यांत गेले.

रुबीना जवळ आली. "पाखरांसाठी केलं... का माझ्यासाठी?"

"सकाळी तुमच्यासाठी ठरवलं," फरहान म्हणाला. "दुपारी त्यो व्हिडिओ परत बघितला... मग पाखरांसाठी."

तिनं पिशवीतून रोज तलावावरची पाखरं मोजायची वही काढली.

"उद्या पाखरं मोजाय येऊ?" त्यानं विचारलं. "मोजतो मी, नावं तुम्ही सांगा."

"सकाळी सहाला या."

"आणि परवा?"

"रोजच या की," रुबीना सरळ म्हणाली. "मला आवडलाय तुम्ही."

स्टेजवर अंगठ्या घालून झाल्या, टाळ्या पडल्या, आणि फरहानला आयुष्यात पहिल्यांदाच कुठलं बटण दाबायचं ते आठवेना.