एकतीस नंबरची सिंहीण

मंठ्याच्या बाजारातल्या बियाण्याच्या दुकानात राजनंदिनी शिरली, तेव्हा तिची ओढणी पावसानं निथळत होती आणि डोकं मात्र तापलेलं होतं.

"इथं इंटरनेट चांगलं चालतं म्हणे. अर्धा तास बसू द्या."

काउंटरमागच्या अमननं वर पाहिलं… आणि जरा जास्तच वेळ पाहत राहिला. "फॉर्म भरायचाय का, मॅडम?"

"सिंह बघायचाय."

तो हसला. ती हसली नाही.

राजनंदिनी जनावरांची डॉक्टर. दोन वर्षांपासून गीरच्या जंगलात सिंहांच्या कळपांचा माग काढायची, त्यांचे रोग तपासायची. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस गावी आली, तर पावसानं गावातलं नेटवर्कच गेलं. लॅपटॉपच्या नकाशावर लाल ठिपका उमटला. गळ्यात पट्टा बांधलेल्या एकतीस नंबरच्या सिंहिणीचा. दोन दिवसांत तो जागचा हलला नव्हता.

"झोपली असंल," मागून वाकून अमन म्हणाला.

"दोन दिवस?"

"आमचा हमाल झोपतो की!"

"अहो, शेजारच्या कळपातले दोन बछडे गेले पंधरा दिवसांत! गावच्या कुत्र्यांचा रोग सिंहांत शिरला तर अख्खा कळप जातो. कळतंय का काही?"

त्याचं हसू मावळलं. "नाव काय हिचं?"

"नाव नसतं. नंबर असतो."

"नंबर तर आमच्या कपाशीच्या वाणालाबी असतो, मॅडम. जित्या जिवाला नंबर बराबर न्हाई वाटत. आपण चंचल म्हणू."

"जी हलतच नाही, तिला चंचल?"

"हलंल ना!"

राजनंदिनीनं कपाळाला हात लावला. तेवढ्यावर थांबेल तर तो अमन कसला! सोयाबीनचं औषध न्यायला आलेल्या प्रत्येकाला तो सगळी हकिगत सांगू लागला. मग दर दहा मिनिटांनी कुणीतरी विचारायचं, "बाई, हलली का तुमची चंचल?"

गीरमधला माग काढणारा जीवाभाई फोनच्या टप्प्यात नव्हता. बाकीचे लोक दुसऱ्या कळपामागं गेलेले. तिनं ठिकाणाचे आकडे आणि जीवाभाईचा फोन नंबर कागदावर उतरवले, पंचवीसदा फोन लावला. चारला आईच्या डोळ्यांत औषध घालायला जाणं भागच होतं. रडू दाबत ती उठली. कागद टेबलावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानाची पायरी चढत असतानाच मोबाइल वाजला. जीवाभाई!

"बेन, तुमच्या माणसानं फार डोकं खाल्लं! काल सांजेला कसाबसा फोन लागला. मोडक्या गुजरातीत आकडे वाचून दाखवले, परत परत माझ्याकडून म्हणवून घेतले. गेलो तर सिंहीण झुडपात पडलेली. अंगभर गोचिडी, ताप. वनखात्याच्या डॉक्टरांनी रात्रीच रक्त तपासलं. गोचिडीचाच ताप आहे, कुत्र्यांचा रोग नाही. इंजेक्शन दिलं. आज पहाटे उठून पाणी प्यायली."

ती तशीच पायरीवर बसली. डोळे पुसले, आणि उठून तरातरा आत गेली.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला फोन करायला? एक आकडा चुकला असता तर?"

"चुकला न्हाई ना पण…" अमन गोणीआड सरकला. "तुम्ही रडवेल्या होऊन गेल्ता. मला राहवलंच न्हाई."

"किती वेळा लावला?"

"मोजले न्हाईत. आमचे बापूजी म्हणले, दुकान बंद कर आन् टेलिफोन ऑफिस उघड."

हसू यायला लागलं, म्हणून ती जास्तच चिडली. "आणि 'तुमचा माणूस' काय? कोण बोलतंय म्हणून सांगितलंत त्याला?"

अमनचे कान लालबुंद झाले. "बियाणेवाला म्हणलो असतो तर ठेवून दिला असता त्यानं. म्हणून म्हणलो… डॉक्टरीणबाईंचा माणूस."

"खोटं!"

"आजच्या तारखेला खोटं," तो हळूच म्हणाला. "पुढचं तुमच्यावर हाय."

बाहेर सर वाढली. राजनंदिनीला काहीतरी खरमरीत बोलायचं होतं. तिनं टेबलावरचा आकड्यांचा कागद उचलला आणि त्याची घडी घातली.

"मी परवा चालले गीरला," ती शेवटी म्हणाली. "तिथं रानात राहावं लागतं. जेवणाची वेळ नाही, झोपेची नाही. आणि मी सारखी चिडते."

"ते बघून राह्यलो ना कालपासून."

"तरी?"

"तरी."

"घरचे काय म्हणतील? तुमचे… माझे?"

"भांडतील. तुम्हाला भांडता येतं, मला फोन लावता येतो. निभल."

ती खुदकन हसली. आणि मग हसतच राहिली.

समोरून तिच्या गावची एसटी चिखल उडवत निघून गेली. पुढची दोन तासांनी होती. राजनंदिनीनं ती जाताना पाहिली, आणि ओली ओढणी झटकून स्टूल पुढं ओढलं.