लादीवरचा नकाशा

टिंबाला दिसत नव्हतं, आणि तरीही रिकाम्या खोलीतून जाताना ते मधल्या एका जागेला वळसा घालत होतं.

टिंब म्हणजे अडीच महिन्यांचं मांजराचं पिल्लू. पांढऱ्या कपाळावर एकच काळा ठिपका, म्हणून हे नाव. रविवारी संध्याकाळी त्याचे डोळे लाल झाले, पाणी वाहू लागलं; सोमवारी सकाळी दोन्ही बुबुळांवर दुधट साय चढली होती. समोर बोट नाचवलं तरी पापणी लवत नव्हती.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा हात असा हलका, की पिल्लाने तपासताना नखं काढायचंही मनावर घेतलं नाही.

“घरात कोणी वेल्डिंग करतं का?”

“मी मोजणी कार्यालयात नकाशे काढते आणि हे शाळेत गणित शिकवतात.”

“मग ठिणग्या उत्तरपत्रिकांवर पडत असतील,” बाई म्हणाल्या आणि लगेच गंभीर झाल्या. “हे प्रकाशाने भाजणं आहे. औषधाने बरं होईल. पण रोज भाजत राहिलं, तर बुबुळावर कायमचा वण राहील. कारण शोधा, आणि लवकर.”

बावीस वर्षं नकाशे काढणाऱ्या तिला ऐकीव गोष्टींचं वावडं होतं. जे मोजलं तेच खरं. टिंब दुपारभर मामंजींच्या खोलीत असे, म्हणून तिने आठवडाभर रोज अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिथूनच सुरुवात केली. मामंजींना जाऊन दोन वर्षं झाली होती. रंगीत दगड पारखण्याचं त्यांचं टेबल आणि खुर्ची तेव्हाच शाळेला दिली होती. टिंब जन्मलं त्यानंतर बऱ्याच काळाने. आता तिथे होता भिंतीवर गेल्याच आठवड्यात बसवलेला पंखा आणि समोरच्या भिंतीतलं कपाट. त्याच्या खालच्या कप्प्यात, पडद्याआड, जुन्या मफलरवर टिंब झोपे. तिने सकाळी कपाट तपासलं: दगडांचे डबे, मफलर. भाजणारं काहीच नव्हतं.

मग तिने लादीवर बारीक चाळणीने पीठ भुरभुरलं.

“लादीवरच कणीक मळणार का?” नवऱ्याने विचारलं. तो सकाळची शाळा करून आला होता.

“पावलं उमटतील. कुठे जातं ते कळेल.”

“बरं. पंखा लावतो, उकडतंय त्याला.”

“हळू लाव, पीठ उडेल.”

मंगळवारी टिंब दारातून निघालं. शेपूट ताठ, मान वर, एखाद्या सरदाराने दरबारात यावं तसं. खोलीच्या मधोमध ते काटकोनात वळलं, पुन्हा वळलं, आणि कपाटात शिरलं. कुठेही अडखळलं नाही. तिने पावलांचे ठसे आलेखाच्या कागदावर उतरवले. मोकळी सुटलेली जागा एकशे वीस सेंटिमीटर लांब, पंचाहत्तर रुंद.

“हे तर अण्णांचं टेबल,” नवरा म्हणाला. वडिलांना तो अण्णा म्हणे.

“योगायोग,” ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच पटला नाही.

बुधवारी डोळे आणखी सुजले. त्या दिवशी आयताला लागून एक चौकोन वाढला. खुर्ची. पण टेबलात सरकवलेली नव्हे. उठताना माणूस ढकलतो तशी, मागे गेलेली.

“आता आणखी एकदा भाजता कामा नये,” डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या.

गुरुवारी टिंबाने टेबलाला वळसा घातला, खुर्चीला घातला, आणि ते कपाटाच्या तोंडाशी थांबलं.

डावीकडून पुढे जायला गेलं. थांबलं.

उजवीकडून गेलं. थांबलं.

मग त्याने गाल घासला. हवेवर. पाठ उंचावून, डोळे मिटून, सगळं अंग एका बाजूला टेकून ते उभं राहिलं. इतकं तिरकं उभं राहिलेलं पिल्लू पडायला हवं होतं.

टेकायला तिथे काही नव्हतं.

त्याच्या पंज्यांच्या ठशांमध्ये पिठाचे दोन लांबट पट्टे अस्पर्श राहिले होते. सव्वीस सेंटिमीटरचे. रुंद टोकं खोलीकडे. जणू कोणी कपाटाला पाठ लावून उभं होतं.

ती पुढे गेली. वळसा घालूनच गेली, आणि त्याचं तिला काहीही वाटलं नाही. हात लांब करून तिने पडदा सारला.

आत जांभळसर उजेड होता.

वरच्या फळीच्या खालच्या अंगाला, लाकडाच्याच रंगाच्या पेटीत, मामंजींचा दगड चमकवून पाहण्याचा दिवा बसवलेला होता, आणि तो जळत होता. नवऱ्याने पंखा बंद केला. दिवा विझला. लावला. दिवा लागला.

“मी रोज लावत होतो,” तो खाली बसत म्हणाला. “त्याला उकडू नये म्हणून.”

पुढच्या रविवारी टिंबाने तिच्या बोटामागे मान फिरवली. वण राहिला नव्हता. पीठ पुसून झालं होतं. ती आलेखाचा कागद पूर्ण करायला बसली. अर्धवट नकाशा तिच्या हातून कधी फाइलला लागला नव्हता. कार्यालयातल्या रीतीने तिने खाली लिहिलं:

कारण: पंखा बसवताना तारतंत्र्याने त्याची जोडणी जुन्या दिव्याच्या तारेवर केली. पंखा चालू असताना अतिनील दिवा चालू. डोळ्यांपासून अंतर तीस सेंटिमीटर. मोजणाऱ्याची सही.

प्रत्येक मोजणीपत्रकाला आणखी एक ओळ असते, आणि ती कोरी सोडता येत नाही. तिने तीही भरली.

जागेवर हजर राहून हद्द दाखवणारे: मामंजी.