चिठ्ठीवरचं नाव

ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षाच्या काड्या शेतकरी बांधावर पेटवून देतात. २००४पासून त्या आम्ही गोण्यांत भरून सातपूरला आणतो. तीन भाग कोळसा, एक भाग काड्या, थोडी वाफ आणि मुद्दाम अपुरी ठेवलेली हवा. म्हणजे नीट जळायचंही नाही आणि विझायचंही नाही. त्या अवस्थेत भट्टीतून गॅस निघतो. माणूस त्या अवस्थेत असला की काय निघतं, ते सांगतोच आहे.

ही प्रयोगाची भट्टी दोघं चालवायचो. सकाळपाळीला मी, दुपारपाळीला ललित. मार्चमध्ये एकालाच कायम करणार होते.

माझ्या पाळीत गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड सतरा टक्के. त्याच्या पाळीत चोवीस. कोळसा तोच, काड्या त्याच, भट्टी तीच. मी त्याच्यासारखा चहा सोडला, त्याच्यासारखा डावीकडे भांग पाडला. तरी सतराच. गॅस तपासणारी सुवर्णा मला आकडा सांगताना आजाऱ्याकडे बघावं तशी बघायची. ललितला सांगताना हसायची. सात टक्क्यांपेक्षा ते हसणं जास्त लागायचं.

एकदा पाळी संपल्यावर मी मुद्दाम थांबलो. प्रत्येक गोणीला चिठ्ठी असते, शेतकऱ्याचं पूर्ण नाव आणि गाव लिहिलेली. गोणी ओतण्याआधी ललित भट्टीच्या तोंडाशी वाकला आणि चिठ्ठी मोठ्याने वाचली.

“काय करतोस रे?”

“ओळख करून देतो,” तो म्हणाला. “कुणाचं आहे ते कळलं की नीट घेते ती.”

“आणि कोळसा?”

“त्याचं नाव सांगायला कोण उरलंय?”

दुसऱ्या दिवशी मीही वाचलं. गोटीराम मंगळू जाधव, सायखेडा. चिमणीवरची ज्योत सरळ उभी राहिली. चोवीस.

दुपारी ललितने एकोणतीस काढले. साहेबांनी पेढे मागवले. एक मलाही मिळाला. चांगला होता, म्हणून आणखी राग आला.

फेब्रुवारीत बाहेरचे तज्ज्ञ पाहणीला आले, तेव्हा पाळी माझी होती आणि काड्या संपल्या होत्या. मी शेडमधला झाडलोटीचा पालापाचोळा, भुसा एका गोणीत भरला. चिठ्ठी हवीच, म्हणून लिहिली. ललित भिमाजी गांगुर्डे, येवला. गंमत म्हणून. वाकून, आदराने वाचली आणि गोणी ओतली.

हवेचा पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज थांबला.

मग ज्योत निळी झाली.

सुवर्णाने तीनदा तपासलं. एक्केचाळीस. शुद्ध ऑक्सिजन न देता नुसत्या हवेवर एवढा येतच नाही, असं पुस्तक सांगतं.

दुपारी ललित पाळीवर आला नाही. फाटकावरचा सहादू म्हणाला, “आत गेले की. पावणे येनार म्हणून लवकर आले. मी सोता पाह्यलं.” त्याची स्कूटर फाटकाजवळच होती.

पोलिसांनी शेड, टाकी, नाला, सगळं पाहिलं. मीही शोधलं. मनापासून.

संध्याकाळी हिशेब मांडला. आत गेलेल्या कार्बनपेक्षा बाहेर आलेला अकरा किलो जास्त भरला. पुन्हा मांडला. अकराच. माणसाच्या अंगात किती असतो, ते मी पुस्तकात पाहिलं नाही.

मार्चमध्ये मी कायम झालो. पण कुणी आलं की साहेब अजून एक्केचाळीसच सांगतात, आणि वर म्हणतात, “ललितच्या वेळचा आकडा.” पाळी माझी होती.

ललितच्या जागी सुवर्णा आली. तिच्या पाळीत सतरा, माझ्या चोवीस. ती आता माझ्याकडे जसं बघते, तसं मी वर्षभर ललितकडे बघत होतो. ते मला आवडतं, हे कबूल करतो.

परवा मी चिठ्ठी वाचत होतो, तेव्हा ती लवकर येऊन दाराशी उभी होती. काल काड्या संपल्या. पाळी सोपवून मी निघालो, तर ती टेबलाशी चिठ्ठी लिहीत बसली होती. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. अक्षर छान आहे तिचं.

पेन तसंच उघडं धरून तिने मान वर केली.

“सर, तुमचं गाव कोणतं?”